मालवाहू सायकल : ओझ्याची जागा शोधताना

सायकलीवरून रोज २० किलो सामान न्यावे लागणार हे ठरले, तेव्हा मागचे कॅरियर मजबूत करून घेतले की काम भागेल, अशी माझी समजूत होती. चाचणीसाठी मी २० लिटर पाण्याचा कॅन घेतला. त्याचे वजन काट्यावर न घालताही कळते. कॅरियरवर बांधताना कॅनचा मध्य मागच्या आसाच्या सुमारे १० सेंटीमीटर मागे गेला. दोन्ही आसांमधले अंतर १०५ सेंटीमीटर होते, म्हणजे तरफेच्या हिशेबाने मागच्या चाकावर जवळपास २२ किलो भार वाढला आणि पुढच्या चाकावरचा दोन किलोंनी उतरला. कागदावर हे दोन किलो किरकोळ दिसतात. चढावर मात्र हँडल हातात हलके लागू लागले, आणि उतारावर वेग वाढताच उंचावरच्या ओझ्याने फ्रेमला दिलेला पीळ मुठींपर्यंत पोहोचला.

मग फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला, जोडलेली टोपली करून पाहिली. तिच्यात ओझे हँडलबरोबर वळते, त्यामुळे उभ्या सायकलीचे हँडल एका बाजूला धाडकन कलंडते. तीच टोपली फ्रेमला जोडल्यावर हा त्रास गेला, पण चाक वळलेले आणि टोपली सरळ हे दृश्य मला कितीतरी दिवस बिचकवत असे. शिवाय ‘ट्रेल’चा प्रश्न राहिलाच : हँडलच्या आसाची रेषा जमिनीला जिथे मिळते, तिथपासून टायर टेकतो त्या जागेपर्यंतचे हे अंतर साध्या सायकलीत साधारण ५० ते ६५ मिलिमीटर असते, तर पुढे ओझे वाहणाऱ्या सायकलीत ते ३० ते ४० ठेवले की हळू चालवताना हँडलशी झुंजावे लागत नाही. माझ्या फोर्कमध्ये हा बदल शक्य नव्हता.

अखेरीस लाँग जॉन पद्धतीची सायकल वेल्ड करून घेतली. तिची पेटी हँडल आणि २० इंची पुढचे चाक यांच्यामध्ये, गुडघ्याच्याही खाली असते, आणि हँडलची हालचाल एका लांब दांड्याने फोर्कपर्यंत जाते. लहान चाकाचे आरे आखूड असल्याने ते भाराखाली कमी लचकते. दांड्याच्या सांध्यात मी केसभर ढिलाई राहू दिली होती. तेवढ्यानेच सायकल सरळ रेषेत जाईना, आणि सांधे बदलल्यावर ती लगेच सुधारली. पहिल्या दिवशी मी दूरवरच्या पुढच्या चाकाकडे पाहत चालवली आणि तोल गेला; नजर रस्त्यावर लावल्यावर तो सावरला. लांबीमुळे वळायला जागा जास्त लागते, ही तडजोड मला मान्य आहे.

एकाच पायाच्या स्टँडवर कॅन चढवताना मात्र सायकल दोनदा आडवी झाली. आता पेटीखाली रुंद, दोन पायांचे स्टँड आहे, आणि सगळे सामान लावून झाल्याशिवाय मी सायकल त्यावरून उतरवत नाही.