गाण्याचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी काही लिहून द्या, असं पत्र आलं. शाळेविषयी लिहायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसं पुष्कळ आहेत. निकाल, शिष्यवृत्त्या, मैदान, मोठ्या सरांची शिस्त यांवर ती लिहितीलच. मी बाईंविषयी लिहिणार आहे. शाळेत बाई अनेक होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की गाण्याच्या बाई, हे माझ्या काळातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

जुन्या इमारतीच्या जिन्यावर पाय ठेवला की वरून तंबोरा ऐकू यायचा. आपण पोचण्याआधीच बाईंनी तो जुळवून ठेवलेला असायचा. त्यांच्या वर्गात न गाणारं कुणी नव्हतं. "बाई, मला गाता येत नाही" हे वाक्य त्या कुणाला पुरं करू देत नसत. ज्याचा गळा फिरत नाही त्यानं तंबोऱ्याजवळ बसायचं आणि बाकीचे गातील तितका वेळ सा धरायचा. मी त्या सा धरणाऱ्यांतला. बाकीची मुलं जिथून निघतात आणि फिरून जिथे येऊन टेकतात ती जागा बाईंनी आमच्यावर सोपवली होती, आणि त्या आमच्याकडे बघायच्याही तशाच, भरवशानं.

सहावीतला एक प्रसंग सांगतो. पेटीची काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, बोलेनाशी झाली. आम्ही काळी एकला सा धरून गायचो, म्हणजे गेला तो नेमका मध्यम, म. बाईंनी दोनदा पट्टी दाबून पाहिली, भाता मारून पाहिला. आम्हाला वाटलं तास बुडाला. बाईंनी फळ्यावर सात स्वर लिहिले, म पुसला, थोडा विचार केला आणि नीही पुसला. "आज एवढ्यातच गाऊ," म्हणाल्या. सा रे ग प ध. भूप राग आम्ही पहिल्यांदा गायलो तो असा. गंधारावर, म्हणजे ग या स्वरावर, थांबायला लावून त्या म्हणाल्या, "इथे बसा. घाई नको."

खरी गोष्ट पुढे आहे. तास संपायला पाच-सात मिनिटं असताना बाईंनी पेटी मिटली आणि एकट्या गायल्या. स्वर तेच पाच. पण या वेळी त्या वरून उतरत होत्या, धैवतावर, म्हणजे ध या स्वरावर, जोर देत होत्या, आणि खोलीतली हवाच बदलली. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, हा देशकार सकाळचा. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत. ही नावं आम्हाला नंतर कळली. त्या दिवशी एवढंच कळलं, की तेच पाच स्वर घेऊन माणूस दोन वेगळ्या ठिकाणी जाऊ शकतो. बाईंनी विचारलं, "काय बदललं?" कुणाला सांगता येईना. "सांगू नका, ऐका," म्हणाल्या आणि पुन्हा दोन्ही गायल्या. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

पेटीवर बाईंचं प्रेम होतं, तरी त्या तिच्यावर विसंबल्या नाहीत. हे वाद्य पॅरिसमध्ये जन्मलं, मग कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला मांडी घालून वाजवण्याजोगं केलं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. स्वरामधून स्वरात घसरत जाणारी मींड पेटीतून निघत नाही, याच आक्षेपावर १९४०मध्ये आकाशवाणीनं तिला बंदी घातली. ती थेट १९७१मध्ये सैल झाली. बाई दोन्ही बाजू सांगायच्या आणि मग पेटी बंद करून तेच गाणं तंबोऱ्यावर म्हणायला लावायच्या.

मी पुढे मर्चंट नेव्हीत गेलो. चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झालो. आयुष्याचा मोठा भाग इंजिनरूमच्या घरघरीत गेला, आणि त्या घरघरीतही मी सा शोधायचो. एका जहाजावर चिनी इलेक्ट्रिशियन होता. त्याच्याजवळ अर्हू नावाचं वाद्य होतं. दोनच तारा, आणि गज त्या दोन तारांच्या मधून फिरणारा. एका रात्री तो वाजवत बसला होता. सा रे ग प ध! त्यांच्या जुन्या पंचस्वरी रचनेत गोंग हा आधारस्वर धरला की हेच पाच मिळतात. मी हलकेच सा धरला. त्यानं मान वर केली, हसला आणि वाजवत राहिला. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. पण तो भूप नव्हता, हेही मला त्याच रात्री कळलं. त्याची धून भलत्याच स्वरावर विसावत होती, वळणं निराळी होती. बाईंनी देशकार ऐकवला नसता तर मी 'हा तर आपलाच भूप' म्हणून मोकळा झालो असतो आणि त्या माणसाचं गाणं माझ्या कानापर्यंत पोचलंच नसतं.

संगीत ही साऱ्या जगाची एकच भाषा आहे, असं समारंभांत म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जावामध्ये मी गामेलान, म्हणजे तिथला वाद्यवृंद, ऐकलं. त्यांच्या स्लेंद्रो या स्वररचनेतही स्वर पाचच, पण ते आपल्या पेटीच्या कुठल्याही पट्टीवर नेमके बसत नाहीत. शिवाय एका संचाची वाद्यं दुसऱ्या संचाशी जुळतीलच असंही नाही, प्रत्येक संच आपल्यापुरता लावलेला. पहिल्यांदा ते बेसूर वाटलं. 'इथे बसा, घाई नको' हे आठवून बसून राहिलो. तासाभरानं माझेच कान त्या स्वरांना लागले.

घरातही हेच कामी आलं. मुलगी कॉयरमध्ये गाते. चार आवाज, चार वेगळे स्वर, एकाच वेळी. मला आधी त्यात एकही धागा पकडता येईना. तिनं मला फक्त खालचा आवाज ऐकायला सांगितला. सा धरणाऱ्याला ते लगेच जमलं! भूप कुठे आहे ते तिला दाखवताना मी पियानोवर काळी तीनपासून ओळीनं नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या. पाचही स्वर हजर. ज्यांच्या घरी कीबोर्ड आहे त्यांनी हे नातवंडांना जरूर दाखवावं.

आणि आई. शेवटची काही वर्षं तिला माझं नाव आठवत नव्हतं. मी कोण, हेही नाही. पण तिनंच आम्हाला म्हटलेल्या अंगाईची पहिली ओळ मी गायलो की दुसरी ती म्हणायची, तिसरी म्हणायची, कडवं पुरं करायची, एक शब्द चुकायची नाही. स्मृतिभ्रंशात बाकीचं पुसलं गेलं तरी गाणी पुष्कळदा टिकतात, असं डॉक्टर म्हणाले. आई गेल्यावर मी अशाच आजाराच्या वृद्धांसाठी आठवड्यातून एकदा गाण्याची बैठक सुरू केली. तिथे 'मला येत नाही' म्हणणाऱ्याला मी तंबोऱ्याजवळ बसवतो.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे, प्रयोगशाळा पाहून अभिमान वाटला. पण प्रार्थना स्पीकरवरून वाजत होती आणि मुलं ओठ मिटून उभी होती. वेळापत्रकात गाण्याचा तास दिसला नाही. फार वाईट वाटलं. ध्वनिमुद्रण कितीही सुरेल असलं तरी ते कुणाला सा धरायला बसवत नाही.

म्हणून महोत्सव समितीला एक विनंती. पाचवी ते सातवीला आठवड्याचा एक तास गाण्याला द्यावा. शिक्षकांच्या मानधनाची पहिल्या तीन वर्षांची जबाबदारी मी घेतो, तसं पत्र कार्यालयात दिलं आहे. तंबोरे दोन लागतील. ज्या माजी विद्यार्थ्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी समारंभाच्या दिवशी मला भेटावं.