मेटल गेलं म्हणजे नेमका कुठला थर गेला?

जालन्याच्या गॅरेजात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट, उतरला की मिस्त्री त्याच्या बेअरिंगच्या अर्धगोल शेलवर (यालाच आपल्याकडे 'मेटल' म्हणतात) नख फिरवतो आणि निकाल देऊन टाकतो, "मेटल गेलं." इकडे जर्मनीत तसलंच शेल कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि आधी विचारतात, कुठल्या थरापर्यंत गेलं? ट्रॅक्टर आणि ट्रकवर पोट असलेल्या आपल्या भागात हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पुढचं मेटल किती टिकणार, ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

जर्मन लोक या बेअरिंगला 'ग्लाइटलागर' म्हणतात, म्हणजे घसरणारं बेअरिंग. यात गोळ्या नाहीत, रोलर नाहीत. जर्नल म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग. ६० मिलिमीटर जर्नलचं शेल साधारण २ मिलिमीटर जाड असतं. त्यात बहुतेक जाडी पोलादी पाठीची. त्यावर ०.२ ते ०.४ मिलिमीटर ब्राँझ किंवा ॲल्युमिनियम-कथिलाचं अस्तर, त्यावर एक-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) निकेल आणि सगळ्यात वर १५ ते २० मायक्रॉनचा मऊ थर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. त्यावरून या थराचा अंदाज करा.

एवढे थर कशाला? कारण बेअरिंगकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. तेलाची फिल्म क्षणभर तुटली तर शाफ्टला चिकटू नये, कचरा आला तर पोटात घ्यावा, म्हणून धातू मऊ हवा. पण ज्वलनाचा दणका सेकंदाला कित्येकदा बसतो, म्हणून तो दमदारही हवा. अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये कथिलाच्या मऊ मिश्रधातूचं अस्तर असलेल्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. तो धातू जाड ओतला की दणक्यांनी त्याला चिरा जातात, पातळ लावला की तोच जास्त भार पेलतो. फरशीवर चादर अंथरली तर पाय रुतत नाही, कापसाच्या गादीवर रुततो, तसंच हे.

निकेलचा थर बिनकामाचा वाटतो, पण तो नसेल तर घोळ होतो. गरम इंजिनात वरच्या थरातलं कथिल ब्राँझमधल्या तांब्याकडे सरकत जातं आणि मध्ये ठिसूळ संयुगाची पट्टी तयार होते. वरचा थर शिशाचा असेल तर दुसरंही नुकसान: शिशाला तेलातल्या आम्लापासून वाचवणारं कथिलच निघून जातं आणि गंज सुरू होतो. निकेल ही वाट अडवतं.

युरोपात आता नव्या कारच्या इंजिन बेअरिंगमध्ये शिसं चालत नाही. भंगारात निघणाऱ्या वाहनांबद्दलच्या २००० सालच्या नियमातून इंजिन बेअरिंगला सवलत होती, ती १ जुलै २०११ पासून नव्या गाड्यांना बंद झाली. त्याऐवजी कथिल, बिस्मथ किंवा पॉलिमरमध्ये ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेला थर येतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना पॉलिमर उपयोगी पडतो, कारण दर वेळी सुरू होताना शाफ्ट काही क्षण तेलाच्या पूर्ण फिल्मशिवाय घासतो.

जोरदार टर्बो डिझेलमध्ये निर्वात कक्षात अणू-अणूनं बसवलेला 'स्पटर' थर वापरतात. भार पेलायला तो उत्तम, पण कडक असल्यानं कचरा पोटात घेत नाही. म्हणून तो फक्त भाराच्या बाजूला लावतात: कनेक्टिंग रॉडला वरचं अर्ध, मेन बेअरिंगला (जिथं क्रँक इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसतो) कॅपकडचं, म्हणजे बोल्टनं आवळायच्या झाकणाकडचं, खालचं. दोन्ही अर्धी दिसायला सारखी, मागचा नंबर वाचला नाही आणि उलटी बसली, तर साधं अर्ध भाराखाली चिरडतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर दिवसरात्र चालू आणि एअर फिल्टर मात्र झटकून पुन्हा तोच. अशा कामाला भार परवानगी देत असेल तर मऊ थराचं शेलच बरं. तेही ४० मायक्रॉनचा कण पूर्ण गिळू शकत नाही. कण वर राहतो आणि जर्नलवर रेघ ओढतो.

आता बसवण्याचं. शेलला एका बाजूला छोटी जीभ असते, तिनं शेल धरून राहतं असा समज आहे. ती फक्त जागा दाखवते. धरून ठेवते ती 'निप': प्रत्येक अर्ध आपल्या घरापेक्षा, म्हणजे ब्लॉक, रॉड किंवा कॅपमधल्या बसायच्या खाचेपेक्षा, काही शतांश मिलिमीटर उंच असतं, कॅप आवळली की दाबून बसतं. त्यामुळे शेलच्या कडा घासून ते 'बसवणं' हा बिघाडच. शेल काढल्यावर पोटाआधी पाठ बघा. पाठीवर चकचकीत ठिपके आणि तपकिरी भुकटी असेल तर निप कमी पडली, शेल घरात हलत होतं. पाठीवर एकच काळा डाग आणि त्याच्या अगदी समोर आत घासलेला ठिपका असेल, तर पाठीमागे कचरा अडकला होता. तिथलं शेल उचललं जातं, उष्णता पोलादातून घराकडे जात नाही, आणि कथिल २३२ अंशांनाच वितळतं. म्हणून घराची बाजू आणि शेलची पाठ कोरडी, स्वच्छ ठेवायची. तेल फक्त आतल्या बाजूला. कॉटन वेस्टचा धागासुद्धा चालत नाही.

क्लिअरन्सचा, म्हणजे जर्नल आणि शेलमधल्या फटीचा, जुना ठोकताळा व्यासाच्या हजारात एक. ६० मिलिमीटरला ०.०६. आधुनिक इंजिनात याहूनही कमी असतं, म्हणून कंपनीचा आकडा बघा. प्लास्टीगेजची मऊ प्लास्टिकची तार जर्नलवर शाफ्टच्या लांबीला समांतर ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कनं आवळा, शाफ्ट अजिबात फिरवू नका, कॅप काढून चपट्या झालेल्या तारेची रुंदी मोजा, त्यावरून फट कळते. जास्त सैल ठेवलं तर मोटर 'मोकळी फिरते' म्हणून खूश होऊ नका. तेल बाजूनं निसटतं, प्रेशर पडतं.

क्रँक घासायचा असेल तर ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारी) शेल मिळतात. मात्र नायट्रायडिंग (नायट्रोजननं पृष्ठभाग कडक करणं) केलेल्या क्रँकचा कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो. तो घासून गेला तर पुन्हा प्रक्रिया करून घ्यावी लागते. जर्नलच्या कडेच्या कोपऱ्यातली गोलाई जशीच्या तशी ठेवा. तिथं चौकोनी कोपरा केला की क्रँक तिथूनच तुटतो.

पहिल्यांदा सुरू करताना आधी इंजेक्शन बंद ठेवून स्टार्टर थोडा-थोडा फिरवा, प्रेशरचा काटा वर येईपर्यंत. मे महिन्यात ४२-४३ अंशांत उभ्या असलेल्या मोटरला नवं मेटल टाकून थेट चावी मारली, तर पहिल्या काही सेकंदांतच वरचा थर पुसला जातो आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच ऐकायला मिळतं, "मेटल गेलं."