राजगडाच्या व्हिडिओचा ग्राफ, नोंद तिसरी

आधीच्या दोन नोंदींत थंबनेलशीच, म्हणजे व्हिडिओवरच्या चित्राशीच, झटापट चालली होती. या वेळी त्याला हात लावला नाही. यूट्यूबवरचा माझा राजगडाचा जुना व्हिडिओ, १४ मिनिटं २० सेकंदांचा, रिटेन्शनचा (कोणत्या क्षणाला किती जण बघत टिकले याचा) ग्राफ शेजारी उघडा ठेवून मुकाट बघितला.

लाज वाटली. आधी नावाची पाटी, मग "नमस्कार मंडळी", मग हायवे, मग नसरापूरजवळची मिसळ. पायथ्याचं गुंजवणे गाव दिसतं ते १ मिनिट ५० सेकंदांनी. ३० सेकंदांनंतर किती जण टिकले हे यूट्यूब स्टुडिओ वेगळं दाखवतो. माझ्याकडे ४१ टक्के! मिसळ संपेस्तोवर २८. लोक गड बघायला आले होते आणि मी त्यांना तर्री दाखवत होतो.

अपलोड झालेल्या व्हिडिओच्या जागी नवी फाइल टाकता येत नाही, पण स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं तसंच राहतं. हायवे आणि मिसळ मिळून ८० सेकंद उडवले. (बायको नाराज, तिचा एकमेव शॉट मिसळीचाच होता.) पण डिस्क्रिप्शनमधल्या चॅप्टरच्या, म्हणजे व्हिडिओतल्या भागांच्या, वेळा आपोआप सरकत नाहीत, हे विसरलो. दोन दिवस 'चोर दरवाजा' दाबणारे थेट पद्मावती माचीवर पोचत होते. एकानं लिहिलं, "दादा, रोपवे कधी झाला?"

आता ३० सेकंदांना ५७ टक्के आहेत. व्हिडिओ सरासरी किती टक्के बघितला गेला यावर मात्र खूश होऊ नका. व्हिडिओ आखूड केला की ती टक्केवारी तशीही चढते. सरासरी किती मिनिटं बघितलं ते पाहा. माझी वाढ जेमतेम २५ सेकंदांची.

खरी गंमत ग्राफमधल्या दोन उंचवट्यांत आहे. एक संजीवनी माचीवर, दुहेरी तटबंदीच्या मधल्या बोळातून मी चालतो तिथे. तो अपेक्षितच होता. दुसरा, त्याहून उंच, चोर दरवाज्याखालच्या रेलिंगपाशी. मी महिनाभर समजत होतो की थरारामुळे लोक मागे जाऊन बघतायत. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा उलगडलं. तिथे मी सांगतोय की पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट उतरायला सोपी, पण तिकडून खाली आलात तर वाजेघरच्या बाजूला पोचाल आणि गाडी राहील गुंजवण्यात. वाऱ्याच्या घोंघाटात यातलं निम्मं ऐकूच येत नाही. बिचारे तेच पुन्हा पुन्हा ऐकत होते! एडिटरमध्ये आपला नव्यानं रेकॉर्ड केलेला आवाज भरता येत नाही, म्हणून तेवढं वाक्य पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहून टाकलं.

माइकसाठी फरची टोपी मागवली आहे. पुढचा गड तोरणा. बिनी दरवाज्याखालचं रेलिंग पहिल्या शॉटला, पायथ्याचं वेल्हं नंतर, आणि नाश्ता घरूनच करून निघणार.