४८६ ची नोंदवही: चाळीस पिना, पण आयडीई नव्हे

रविवार

माझ्या जुन्या ४८६ पीसीसाठी जुन्या बाजारात अखेर डबल स्पीड (दुप्पट वेगाचा) सीडी ड्राइव्ह सापडला. पुढे क्रिएटिव्हचं नाव, ट्रे पिवळा पडलेला, पण दात शाबूत. मागे चाळीस पिनांचं कनेक्टर. विकणारे काका म्हणाले, "साहेब, आयडीईच आहे, चाळीस पिना मोजून घ्या." आयडीई म्हणजे पीसीला हार्ड डिस्क जोडायची नेहमीची पद्धत, तिचं कनेक्टर चाळीस पिनांचं. मी पिना मोजल्या आणि साडेतीनशे रुपये दिले. काकांनी फसवलं असं मला वाटत नाही. पिना खरोखरच चाळीस होत्या.

नव्या वाचकांसाठी मशीनबद्दल थोडं. ४८६ डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, डॉस ६.२२, ४२० एमबीची हार्ड डिस्क आणि व्हीएलबीचं (४८६ च्या काळातल्या जलद स्लॉटचं) मल्टी आयओ कार्ड, ज्याला डिस्क जोडतात. या कार्डावर आयडीईचं एकच चॅनेल आहे. म्हणून हार्ड डिस्क मास्टर (पहिलं उपकरण) ठेवायची आणि सीडी ड्राइव्ह त्याच केबलवर स्लेव्ह (दुसरं) करायचा, असा बेत होता.

रविवार, रात्री

चालू केल्याबरोबर बायोसने, म्हणजे मशीनच्या सुरुवातीच्या प्रोग्रामने, "एचडीडी कंट्रोलर फेल्युअर" दाखवलं. सीडी ड्राइव्हची केबल काढली की हार्ड डिस्क लगेच दिसते, लावली की गायब. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. केबलची लाल पट्टी बरोबर बाजूला होती. दुसरी केबल लावली, मल्टी आयओ कार्ड बदललं, हार्ड डिस्कचे जम्पर (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्या) पुन्हा पुस्तकातून तपासले. मग सीडी ड्राइव्हवर मास्टर-स्लेव्हचा जम्पर शोधला, तर तो नव्हताच. त्याऐवजी ० ते ३ असा क्रमांक निवडायची सोय होती. त्याच क्षणी थांबायला हवं होतं, कारण आयडीईच्या एका केबलवर दोनच उपकरणं बसतात. चार क्रमांक कशासाठी असतील, हा प्रश्न मनात आला आणि मी तो तसाच पुढे ढकलला.

सोमवार

हार्ड डिस्क काढून ठेवली. केबलवर सीडी ड्राइव्ह एकटाच ठेवला, फ्लॉपीवरून डॉस चालू केलं आणि अटापीचा (आयडीईच्या केबलवर सीडी ड्राइव्ह चालवायच्या मानकाचा) सर्वसाधारण ड्रायव्हर चढवला. त्याला एकही ड्राइव्ह सापडला नाही.

बायोसमध्ये सीडी दिसत नाही याची चिंता या काळातल्या मशीनवर करायचीच नसते. या बायोसला फक्त हार्ड डिस्क ओळखता येते, सीडीवरून बूट करायचं एल टोरिटो मानक आलं ते १९९५ मध्ये. सीडी ड्राइव्ह शोधायचं काम डॉसच्या ड्रायव्हरचं असतं. म्हणून ड्रायव्हरच रिकाम्या हाताने परत आला, तेव्हा मी पहिल्यांदा ड्राइव्ह उलटा करून लेबल नीट वाचलं: सीआर-५६३-बी, मात्सुशिता. म्हणजे पॅनासॉनिकचा स्वतःचा इंटरफेस (जोडणीची पद्धत). अटापी हा शब्द त्या लेबलवर कुठेही नाही.

मंगळवार

आज मल्टीमीटर घेऊन बसलो. या संपूर्ण दुरुस्तीतला सगळ्यात आनंदाचा तास हाच.

आयडीईमध्ये पहिली पिन रीसेटची. तिथे व्होल्टेज खाली गेलं की हार्ड डिस्क रीसेट होते, आणि खालीच राहिलं तर ती रीसेटमध्येच अडकून पडते. या सीडी ड्राइव्हची पहिली पिन आणि धातूची चौकट यांच्यात मीटर बीप करतं. तिसरीलाही बीप, पाचवीलाही. ही ग्राउंडची रांग आहे. म्हणजे रविवारी रात्री मी एका केबलने हार्ड डिस्कची रीसेट लाइन थेट ग्राउंडला बांधत होतो. बिचारी डिस्क उठणार कशी? कार्डही बरं होतं, डिस्कही बरी होती. नशीब की काही जळलं नाही. दोन वेगळ्या इंटरफेसच्या पिना अशा जोडल्या की दोन आउटपुट एकमेकांना भिडू शकतात. ओळख पटल्याशिवाय चाळीस पिनांचं काहीही आयडीईवर लावू नका.

एकटा असतानाही तो का सापडला नाही, हे समजायला आयडीई कार्ड मुळात काय करतं ते पाहावं लागतं. त्याला आपण कंट्रोलर म्हणतो, पण त्यावर पत्ता ओळखणारं थोडं सर्किट आणि बफर एवढंच असतं. खरा कंट्रोलर हार्ड डिस्कच्या अंगावर असतो. प्रोसेसर १एफ० पासूनच्या पोर्टांवर (हे पत्ते सोळाच्या पायावर लिहितात) जे लिहितो, ते डिस्कच्या स्वतःच्या रजिस्टरांत, म्हणजे छोट्या नोंदकप्प्यांत, जातं. अटापी ड्राइव्हकडेही ती रजिस्टरं असतात, म्हणून तो त्याच केबलवर नांदतो. सीआर-५६३ कडे ती नाहीत. त्याचा डेटा आठ बिटांचा, आयडीईचा सोळा. त्याला त्याच्या ओळखीचं कार्डच लागतं.

१९९४ च्या आसपास अटापी ड्राइव्ह बाजारात येईपर्यंत घरगुती पीसीवर सीडीसाठी मुख्यतः दोन मार्ग होते: महागडं स्कझी (डिस्क, सीडी जोडायची आणखी एक पद्धत), नाहीतर कंपनीचा स्वतःचा इंटरफेस. मित्सुमीच्या त्या काळच्या ड्राइव्हलाही चाळीस पिना, पण मांडणी निराळी. सोनीच्या सीडीयू-३३ए ला चौतीस, म्हणजे तो फ्लॉपीच्या केबलवर लावायचा मोह होणार. क्रिएटिव्हच्या मल्टिमीडिया संचात ड्राइव्ह आणि साउंड कार्ड एकत्र यायचं. ड्राइव्हचं कार्ड म्हणजे तेच साउंड कार्ड.

शनिवार

सोलापूरच्या एका मित्राकडे साउंड ब्लास्टर प्रो २ पडून होतं, सीटी१६००. त्याने कुरिअरने पाठवलं, त्याचे मनापासून आभार. कार्डावर चाळीस पिनांचं कनेक्टर आहे, ते या ड्राइव्हसाठीच.

केबल साधी चाळीस तारांचीच चालली, पण निवडून घ्या. आयडीईत विसावी पिन नसते, म्हणून पुष्कळ केबलींत ते भोक बुजवलेलं असतं. या ड्राइव्हला विसावी पिन आहे. बुजवलेली केबल जोर लावून बसवाल तर पिन वाकेल. ऐंशी तारांची केबल तर नकोच, तिच्यात काही तारा आतून ग्राउंडला जोडलेल्या असतात.

डॉसच्या कॉन्फिग.सिसमध्ये या ड्राइव्हच्या ड्रायव्हरची, एसबीपीसीडी.सिसची, ओळ घातली आणि पुन्हा अडलो. सीडीचे चार पोर्ट २३० ते २३३ आहेत हे वाचलं होतं, म्हणून मी पत्ता २३० दिला. ड्राइव्ह सापडेना. ड्रायव्हरला हवा असतो साउंड कार्डाचा मूळ पत्ता, २२०. सीडीचे पोर्ट त्याच्या पुढे सोळावर असतात (सोळाच्या पायात २२० च्या पुढे सोळा म्हणजे २३०), ते तो स्वतः काढतो. पत्ता बदलला, मशीन पुन्हा चालू केलं, ड्राइव्हचा दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर ड्राइव्ह सापडल्याची ओळ आली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग ऑटोएक्झेक.बॅटमध्ये एमएससीडीईएक्स (डॉसमध्ये सीडीला ड्राइव्हचं अक्षर देणारा प्रोग्राम), आणि त्याच्या खाली स्मार्टड्राइव्ह (वाचलेला डेटा मेमरीत राखून ठेवणारा, म्हणजे कॅश करणारा प्रोग्राम). हा क्रम पाळा. ६.२२ चं स्मार्टड्राइव्ह एमएससीडीईएक्सच्या नंतर चढवलं तरच सीडीलाही कॅश करतं.

रविवार

कारखान्यात छापलेल्या सीडी सगळ्या वाचतो. १५ एमबीची फाइल ५६ सेकंदांत उतरली, म्हणजे सेकंदाला साधारण २७५ केबी. डबल स्पीडची मर्यादा ३०० आहे, तेव्हा मी समाधानी आहे. घरी लिहिलेल्या सीडी-आरपैकी दोन चालल्या, तीन नाही. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसल्यावर तिसरी चालली. सीडी-आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी) एकही नाही, आणि ती चालणारही नाही. छापलेली सीडी सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू १५ ते २५ टक्के. एवढ्या मंद प्रकाशासाठी हा ड्राइव्ह बनलेलाच नाही.

उरला होता गाण्यांच्या सीडीचा आवाज. तो वेगळ्या बारीक केबलने ड्राइव्हवरून साउंड कार्डावर जातो आणि त्या केबलींत तारांचा क्रम एकसारखा नसतो. माझ्याकडच्या केबलने फक्त उजव्या स्पीकरमधून आवाज येत होता. सुईने प्लास्टिकची जीभ उचलून दोन तारांची अदलाबदल केली आणि नाट्यसंगीताची सीडी लावली. तबला डावीकडून आला, ऑर्गन उजवीकडून. कॅबिनेटचं झाकण अजून लावलेलं नाही.