ओसाका, कोबे, टोकियो: हवा, केस आणि खवले

जपानचे रोबोट बघायला निघालेले बहुतेक जण थेट टोकियो गाठतात. मी ओसाकापासून सुरुवात केली आणि तोच क्रम सुचवेन. नाकानोशिमा बेटावरच्या विज्ञान संग्रहालयात 'गाकुतेनसोकु' हा रोबोट बसला आहे: सोनेरी चेहरा, तीन मीटरहून जास्त उंची, एका हातात दिवा, दुसऱ्यात लेखणी. मूळ यंत्र १९२८ सालचं, ते पुढे हरवलं; इथे आहे ती २००८ची प्रतिकृती. ते घडवणारे माकोतो निशिमुरा जीवशास्त्रज्ञ होते, आणि ते लगेच जाणवतं. रबरी नळ्यांत दाबाची हवा खेळवून त्यांनी मान कलवली, चेहऱ्यावर भाव आणले, छाती श्वास घेतल्यासारखी हलवली. प्रात्यक्षिकाची वेळ आधी विचारून घ्या. थांबलेला गाकुतेनसोकु बघून त्यातलं मर्म कळत नाही.

हवेची ही वाट जपानमध्ये पुढेही चालू राहिली. १९८०च्या दशकात टायर बनवणाऱ्या ब्रिजस्टोन कंपनीने हवेवर चालणारे रबरी स्नायू बाजारात आणले. रचना साधी आहे: रबरी नळी, तिच्यावर विणलेली जाळी, दोन्ही टोकं घट्ट बांधलेली. हवा भरली की नळी फुगते आणि लांबीला साधारण पाव हिश्श्याने आखडते. जाळीचे धागे नळीच्या अक्षाशी ५४.७ अंशांचा कोन करू लागले की ओढ संपते. दाब कितीही वाढवा, स्नायू आणखी आखडत नाही. खरी डोकेदुखी घर्षणाची. जाळी रबरावर घासते, म्हणून त्याच दाबाला भरताना एक लांबी मिळते आणि सोडताना दुसरी. नियंत्रणाचं गणित तिथेच अडतं. रबर फाटतं तेही बहुधा बांधलेल्या टोकाशी. टोकियोत संशोधक कोइची सुझुमोरी यांच्या गटाने अवघ्या काही मिलिमीटर जाडीचे स्नायू करून त्यांच्या जुड्या सांगाड्यावर बसवल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण आपले स्नायूही तंतूंच्या जुड्याच असतात.

ओसाकाहून कोबे जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत. नादा स्थानकाजवळच्या भूकंप स्मारक संग्रहालयात रोबोटसाठी नव्हे, त्यांची गरज समजायला जावं. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे इथे ६,४३४ माणसं गेली. ढिगाऱ्याच्या फटींत माणूस शिरत नाही, कुत्राही नाही. जपानमधल्या बचाव-रोबोटांच्या संशोधनाने इथूनच जोर धरला. संशोधक सातोशी तादोकोरो यांच्या गटाची 'ॲक्टिव्ह स्कोप कॅमेरा' ही सुमारे ८ मीटरची केबल आहे. तिच्या अंगावर मागे झुकलेले बारीक केस, आत कंपन देणाऱ्या मोटरी. थरथरीत केस वाकतात आणि सरळ होतात. पुढे सरकायला घर्षण कमी, मागे जायला जास्त, म्हणून केबल स्वतःच पुढे जाते. केसांना पकड मिळाली नाही तर नुसती थरथर होते. शिवाय बाहेर ओढताना तेच केस अडतात, म्हणून आत किती सोडायची हा निर्णय चालवणाऱ्याने आधीच घ्यायचा.

टोकियोतल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या ओओकायामा आवारात याच घर्षणाचं मूळ सापडतं. शिगेओ हिरोसे यांनी १९७२ साली इथे सापासारखं यंत्र चालवलं: २० सांधे, सुमारे २ मीटर लांबी, सेकंदाला ४० सेंटीमीटर वेग. पोटाला बिनमोटरची लहान चाकं होती. ती पुढे सहज फिरतात, आडवी घसरत नाहीत. सापाच्या पोटावरचे खवले हेच करतात. अंगातून लाट मागे पाठवली की धड पुढे जातं. चाकं काढा, गुळगुळीत फरशीवर तेच यंत्र जागच्या जागी वळवळेल. अंग पूर्ण सरळ झालं तरी ढकलायला काही उरत नाही, म्हणून लाट कधी मरू द्यायची नाही.

टोकियोच्याच ओदाइबा भागातल्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयात सील या सागरी प्राण्याच्या पिल्लासारखा पारो हा रोबोट ठेवलेला आहे; वजन सुमारे २.७ किलो. तो घडवणाऱ्या ताकानोरी शिबाता यांनी आधी कुत्रा-मांजर करून पाहिलं, पण लोक त्यांची तुलना खऱ्या प्राण्याशी करून नाराज होत. सील फार कुणी जवळून पाहिलेला नसतो. पारोला हात लावताना पाठीवरून सावकाश फिरवा, स्पर्श तो ओळखतो. ओसाका आणि कोबेची संग्रहालयं सोमवारी बंद असतात, मिराइकान मंगळवारी. म्हणून आखणी बुधवारपासून करावी.