मुलागच्या गावातलं क्रिकेट

मेलबर्नला भाच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच मी त्याला फोनवर बजावलं होतं, "एमसीजी, म्हणजे मेलबर्नचं ते मोठं क्रिकेट मैदान दाखव, समुद्र दाखव, पण एक शनिवार-रविवार हॅरोसाठी राखून ठेव." त्यानं बरीच वर्षं तिथे काढली आहेत, तरी नाव ऐकलेलं नव्हतं. "तिथे काय आहे मावशी?" म्हणाला. मी म्हटलं, "राहणेच्या पदकातला माणूस आहे."

२०२० चा तो डिसेंबर कोण विसरेल? ॲडलेडला ३६ धावांत आपला खुर्दा उडालेला, कोहली घरी परतलेला, शमी जायबंदी. आणि पुढच्याच कसोटीत, मेलबर्नला, अजिंक्य राहणेनं ११२ धावा काढून मालिकेचं वारंच फिरवलं. सामनावीर म्हणून त्याला मिळालेलं जॉनी मुलाग पदक त्याच वर्षी सुरू झालं होतं. पहिला मानकरी आपला डोंबिवलीकर! १८६८ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला होता, मुलाग त्यातलाच. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला जे बक्कल असायचं, त्यावरून हे पदक घडवलं आहे. ते टीव्हीवर बघितलं आणि मुलागचं गाव, हॅरो, माझ्या डोक्यात बसलं.

मेलबर्नहून पश्चिमेला निघालं की बॅलरॅट, अरारात, मग डाव्या हाताला गॅरीवर्दचे (ग्रॅम्पियन्सचे) निळसर डोंगर आणि पुढे विमेराचा सपाट प्रदेश. कापणी झालेली गव्हाची शेतं, धान्याची उंच कोठारं, मेंढ्या. मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. पण गाव कितीही लहान असो, त्याला एक हॉल, एक दारूचा गुत्ता आणि एक अंडाकृती मैदान असतंच. शनिवार होता. हॉर्शमच्या अलीकडे अशाच एका गावात मैदानाभोवती गाड्या उभ्या दिसल्या, सगळ्यांची तोंडं मैदानाकडे. भाच्याला म्हटलं, थांबव.

मी लहानपणी आझाद मैदान, शिवाजी पार्क पाहिलेली. तिथे एका मैदानात कितीतरी सामने एकमेकांत घुसलेले असतात, आपला फाइन लेग दुसऱ्याचा मिड-ऑफ. इथे एवढं अफाट मैदान आणि त्यात एकच सामना. मधे सिमेंटच्या पट्टीवर हिरवी कृत्रिम मॅट. चौकार गेला की गाड्यांचे हॉर्न वाजतात. सावलीला टेबल टाकून दोन स्कोअरर बसले होते, दोन संघांचे दोन. षटक संपलं की एकमेकांशी आकडे ताडून बघायचे. लोखंडी फलकावर पत्र्याचे आकडे बदलायला एक शाळकरी मुलगी होती, तिचे वडील पंचांच्या बाजूला नॉन-स्ट्रायकर म्हणून उभे आणि भाऊ पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला. खालच्या ग्रेडमध्ये, म्हणजे क्लबाच्या दुसऱ्या-तिसऱ्या संघांत, पन्नाशीचा बाप आणि पंधरा वर्षांचा मुलगा एका संघात खेळणं ही तिथे अगदी रोजची गोष्ट आहे.

सामना दोन शनिवारांचा होता. हे मला फार आवडलं. या शनिवारी एका संघानं फलंदाजी करायची, पुढच्या शनिवारी दुसऱ्यानं. मधला आठवडाभर गावात, दुकानात, मेंढ्यांच्या बाजारात त्याच सामन्याची चर्चा. ब्रॅडमन याच पद्धतीत घडला. न्यू साउथ वेल्समधल्या बाउरलकडून खेळताना, १९२५-२६ च्या मोसमात, विंगेलो गावाच्या संघाविरुद्ध त्यानं एका शनिवारी नाबाद २३४ कुटल्या. विंगेलोचा गोलंदाज होता बिल ओ'रायली, तेव्हा विशीतला पोरगा. आठवडाभर तो ते अपमानाचं ओझं घेऊन हिंडला असेल. पुढच्या शनिवारी खेळ सुरू झाला आणि पहिल्याच चेंडूवर त्यानं ब्रॅडमनचा त्रिफळा उडवला. जगातला सर्वांत मोठा फलंदाज आणि त्या काळातला सर्वांत मोठा लेगस्पिनर दोन शेजारगावांतल्या मैदानांवर एकमेकांना भेटले होते, आणि बघायला होते ते गावचेच लोक. पुढे ब्रॅडमन सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबात गेला. ग्लेन मॅकग्राही असाच, नॅरोमाइनहून सिडनीला सदरलँड क्लबात खेळायला आला आणि सुरुवातीला कॅरॅव्हॅनमध्ये राहिला. सिडनीची ही ग्रेड क्रिकेटची उतरंड १८९३ पासून चालू आहे. वरून खाली बघितलं तर ती कसोटी संघाकडे जाणारी शिडी दिसते. मला त्या मैदानावर उभं राहून ती शिडी वाटली नाही. तिथल्या बहुतेकांना कुठे वर जायचंच नव्हतं. ते त्यांच्या गावाकडून खेळत होते आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

चहाच्या सुट्टीत आम्हा दोघांना आपणहून बोलावलं. यजमान संघाच्या घरांतून प्रत्येकानं एकेक ताटली आणलेली: जॅम-क्रीमचे स्कोन, चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन, आणि करी पावडर घातलेल्या अंड्याची सँडविचं. दोन्ही संघ, पंच, स्कोअरर, पोरंटोरं, सगळे एकाच लांब टेबलाशी. पत्र्याच्या त्या क्लबघराच्या भिंतीवर लाकडी सन्मानफलक होता, त्यावर सोनेरी अक्षरांत कप्तानांची आणि विजेतेपदांची वर्षं. तीच चार-पाच आडनावं पुन्हा पुन्हा येत होती. आजोबा, मुलगा, नातू. दोन महायुद्धांच्या वर्षांपुढे नावं नव्हती, रेघा होत्या. मी तिथेच उभी आहे हे पाहून क्लबाचे सेक्रेटरी जवळ आले. वय सत्तरीच्या पुढचं, हातात चहाचा मग. म्हणाले, "पूर्वी आमच्या आसपास प्रत्येक गावाचा संघ होता. आता तीन गावं मिळून एक संघ होतो." शेतं मोठी झाली, माणसं कमी झाली, मुलं शहरात गेली. मोसम सुरू होण्याआधी एक रविवार सगळे खोरी-फावडी घेऊन जमतात आणि पिचवर हिवाळ्यासाठी टाकलेली माती काढतात. कारण हिवाळ्यात याच मैदानावर फुटबॉल असतो.

त्या फुटबॉलचाही क्रिकेटशी जवळचा संबंध आहे. मेलबर्न क्रिकेट क्लब १८३८ सालचा, म्हणजे शहर वसून जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हाचा. त्या क्लबाशी निगडित असलेल्या टॉम विल्सनं जुलै १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्तावतात, त्यांना तंदुरुस्त ठेवायला फुटबॉलचा क्लब काढा. त्यातून ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल उभा राहिला, आणि पुढे तो क्रिकेटच्याच मैदानांवर खेळला जाऊ लागला. हाच विल्स मला हॅरोपर्यंत घेऊन जातो. १८६१ मध्ये क्वीन्सलँडला नवी मेंढपाळी वसाहत करायला गेलेल्या त्याच्या वडिलांसह १९ गोऱ्यांना आदिवासींनी ठार मारलं. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी त्याहून कितीतरी जास्त आदिवासी मारले. आणि पाचच वर्षांनी हा टॉम विल्स पश्चिम व्हिक्टोरियातल्या आदिवासी खेळाडूंचा शिक्षक आणि कप्तान झाला. १८६६ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, तो त्यांना घेऊन एमसीजीवर उतरला, बघायला सुमारे १०,००० लोक होते. त्याच्या मनात काय चाललं असेल, यावर मी त्या रात्री हॉर्शमच्या मोटेलात बराच वेळ विचार करत पडले होते.

दुसऱ्या दिवशी एडनहोपच्या तळ्याकाठी थांबलो. इंग्लंडच्या दौऱ्याआधी संघाचा सराव इथे झाला, त्याचं स्मारक आहे. तिथून हॅरो जवळच. ग्लेनेल्ग नदीच्या काठाला, उतारावर वसलेलं एका रस्त्याचं गाव. जुनं हॉटेल, ओंडक्यांची कोठडी, मोठे रेड गम वृक्ष. गावातल्या डिस्कव्हरी सेंटरमध्ये मुलागचं दालन आहे.

त्याचं मूळ नाव उनारीमिन. जार्डवाजली लोकांतला, जन्म १८४१ च्या सुमाराचा. मुलाग हे नाव ज्या मेंढपाळी वाडीवर तो काम करायचा, तिचं. लोकरकाप्या, घोडेवाला, आणि मोकळ्या वेळात वाडीवरच्या गोऱ्यांबरोबर बॅट-बॉल. १८६८ च्या फेब्रुवारीत हा संघ सिडनीहून लोकरीच्या जहाजातून निघाला. कप्तान आता गोरा चार्ल्स लॉरेन्स, बाकी सगळे आदिवासी. गोऱ्या ऑस्ट्रेलियन संघाचा पहिला दौरा व्हायला अजून दहा वर्षं होती! इंग्लंडात ४७ सामने खेळले: १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. एकट्या मुलागच्या १,६९८ धावा आणि २४५ बळी. लॉर्ड्सवर ७५. आकडे वाचताना दमायला होतं, तो माणूस हे सगळं एका उन्हाळ्यात करत होता. वर सामना संपला की प्रेक्षकांसाठी बूमरँग आणि भाल्यांचे खेळ दाखवायचे ते वेगळंच. किंग कोल नावाचा त्यांचा एक सहकारी लंडनमध्येच वारला, तिथेच पुरला.

मला सगळ्यात जास्त लागल्या त्या दोन गोष्टी. यॉर्कला या संघाला जेवणाच्या तंबूत घेतलं नाही, तेव्हा मुलागनं पुन्हा मैदानात उतरायला नकार दिला. आणि परत आल्यावर, हॅरोच्या संघाबरोबर जवळच्याच ॲप्सलीला गेला असताना, खानावळवाल्यानं सगळ्यांना खोल्या दिल्या आणि त्याला दाखवली आवारातली तबेल्याशेजारची. त्यानं ती घेतली नाही. रात्री उघड्यावर झोपला.

हे वाचताना पुण्याचा बाळू आठवला नाही असं कसं होईल? पळवणकर बाळू, चर्मकार समाजातला, आपला पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज. मैदानावर बळी त्यानं काढायचे आणि चहा मात्र त्याला क्लबाच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये तोही इंग्लंडला गेला, ११४ बळी घेऊन आला. हॅरोच्या त्या दालनात मुलागच्या फोटोसमोर उभी असताना मला बाळूच दिसत होता. दोघांना मैदानानं आत घेतलं आणि जेवणाच्या पंगतीनं बाहेर ठेवलं. कौतुक करायला सगळे होते. शेजारी बसायला मात्र कुणी नव्हतं.

दौऱ्यानंतर मुलाग काही काळ मेलबर्न क्रिकेट क्लबात व्यावसायिक म्हणून खेळला. १८६९ मध्ये व्हिक्टोरियात आदिवासींच्या 'संरक्षणाचा' कायदा आला. त्यांनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं हे सरकार ठरवू लागलं. १८६८ चा संघ विखुरला. मुलाग हॅरोला परतला. १८७९ मध्ये एकदाच व्हिक्टोरियाकडून लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध खेळला, दुसऱ्या डावात ३६, संघात सर्वाधिक. बाकी आयुष्यभर एकच क्लब: हॅरो. १८९० पर्यंत खेळत होता. रानात झोपडी करून राहायचा, ससे धरायचा, लोकर कापायचा आणि क्रिकेटला गावात यायचा. ऑगस्ट १८९१ मध्ये गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची आवडती बॅट आणि यष्ट्या पुरल्या. हॅमिल्टनच्या वर्तमानपत्रानं वर्गणी जमवून स्मारक उभारलं.

हॅरोनं त्याला न्याय दिला असं मी म्हणणार नाही. त्याच्या लोकांची जमीन गेली ती गेलीच. पण देशानं, कायद्यानं जे नाकारलं ते एका गावच्या क्लबानं वीस वर्षं थोडंफार सांभाळलं: संघाच्या यादीत त्याचं नाव. हे थोडं नाही. ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेली पहिली आदिवासी खेळाडू म्हणजे फेथ थॉमस, १९५८ मध्ये. पुरुषांत जेसन गिलेस्पी, थेट १९९६ मध्ये.

सेंटरमधल्या बाईंना मी भारतातून आल्याचं सांगितलं तर त्यांनी पहिलं नाव घेतलं ते राहणेचं. "तुमच्या मुलानं आमच्या जॉनीचं पदक नेलं," म्हणाल्या. मला एकदम भरून आलं. मग राहणे मूळचा संगमनेरकडचा, लोकलनं क्रिकेटला जायचा, वगैरे मी त्यांना सविस्तर सांगितलं आणि त्यांनी ते मन लावून ऐकलं. मैदान आणि दफनभूमी कुठे आहे ते त्यांनीच कागदावर काढून दिलं.

कुणाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते मार्च हा क्रिकेटचा मोसम. मेलबर्नहून जवळपास ४०० किलोमीटर पडतात, एका दिवसात जाऊन येणं जमणार नाही. पेट्रोल हॉर्शम किंवा हॅमिल्टनलाच भरून घ्या, आणि सेंटर उघडं असेल ना हे आधी फोन करून विचारा. वाटेत शनिवार लागला तर मैदानाशी गाडी नक्की थांबवा.

पुढच्या शनिवारी भाच्याच्या क्लबाचा सामना होता, मेलबर्नच्या पश्चिमेच्या नव्या वस्तीत. तिथल्या तिसऱ्या संघात पंजाबी, श्रीलंकन, दोन मराठी पोरं आणि एक म्हातारा ऑस्ट्रेलियन यष्टिरक्षक आहे, तो तीस वर्षांपासून याच क्लबाकडून खेळतो. सामन्याचा तो दुसरा शनिवार, चहा यजमानांकडे, म्हणजे आमच्याकडे. मी सकाळी उठून बटाटेवडे तळले आणि लसणाची चटणी वेगळी डब्यात नेली. टेबलावर स्कोनच्या शेजारी ठेवले, आणि पहिली ताटली पाहुण्या संघानंच संपवली.