टक्

थर्मोस्टॅटचं टक् झालं आणि घर गरम ठेवणारा स्टोव्ह परत विझायला लागला. साफसफाईला आलेले म्हातारे मेकॅनिक हात पुसत थर्मोस्टॅटकडे बघत राहिले, मग म्हणाले, "जळण्यापेक्षा सारखं पेटवणंच महाग पडतं हो."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. इथे अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये थंडी सुरू झाली की आमचं सगळं या पेलेट स्टोव्हवर (पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या), आणि तो काही बल्ब नाही, दर वेळी पेटताना इग्नायटर, म्हणजे पेटवणारा विजेचा भाग, काही मिनिटं 300 वॅटच्या आसपास वीज खातो, पहिले पेलेट नुसतेच धुमसतात, काच काळी होते, आणि विझल्यावरही पंखे बराच वेळ फिरतच असतात.

मेकॅनिकनी ऑन-ऑफ बदलून हाय-लो मोड लावला, म्हणजे आता 68 फॅरनहाइट झालं की स्टोव्ह न विझता मंद जळत राहतो. वसंतात मात्र परत ऑन-ऑफवर टाका म्हणाले, तेव्हा मंद आचेनंही घर उकडतं. तेव्हा स्विंग, म्हणजे तापमान किती उतरल्यावर स्टोव्ह परत पेटायचा ते, 1 डिग्री नको, 3 ठेवा, म्हणजे टक्-टक् कमी.

'बंद म्हणजे बचत' हे लहानपणापासून आपल्या अंगात इतकं मुरलंय ना, की मंद चालू ठेवणं उधळपट्टीच वाटते.

बर्फातले पेलेटवाले कोणी आहेत का इथे? तुम्ही स्विंग किती ठेवता?